हातचं काम : भिंतीला शिरा नसतात



गणपतीत आपल्या मंडळाच्या मुलांनी लाकडी मखर केलं होतं, ते आठवत असेल. लांबून सुरेख दिसत होतं. जवळ गेलं की मात्र रंगाखालून लाकडाच्या शिरा दिसत होत्या आणि हात फिरवला तर बोटाला कुसं लागत होती. करणाऱ्यांपैकी एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, रंगाचे तीन हात दिले, तरी असं का?" उभ्या उभ्या उत्तर देणं जमलं नाही. एक तर उत्तर लांबलचक आहे, आणि दुसरं म्हणजे ते मला स्वतःला यंदाच कळलंय, तेही एक आख्खं घर वाया घालवल्यावर. म्हणून या वेळचं सदर त्यावरच.

घर म्हणजे लाकडाचं, मांडीवर मावेल एवढं. यंदा एप्रिलमध्ये आमच्या काकांची पंचाहत्तरी झाली. काकांचा जन्म भालकी तालुक्यातल्या आमच्या गावचा. तेव्हा भालकी आणि उदगीर एकाच बिदर जिल्ह्यात होते, जिल्हा हैदराबाद संस्थानाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्यात होता, आणि 1956 साली उदगीर पलीकडे गेलं, आम्ही अलीकडे राहिलो. काकांची मावशी पलीकडे, आत्या अलीकडे. पण गावचं माळवदाचं घर कुठे हललं नाही. ते हललं 2019 साली. चार भावांच्या चार वाटण्या, कुणीच गावात राहायला नाही, म्हणून विकलं. घेणाऱ्याने पाडून स्लॅबचं बांधलं. त्यात कुणाचंच काही चुकलं नाही.

काका आता कलबुर्गीला त्यांच्या मुलाकडे असतात. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेत, एका डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो. त्यामुळे पंचाहत्तरीला जुन्या घराचा फोटो मोठा करून द्यावा, ही आमच्या ह्यांची कल्पना तिथेच बारगळली. नववीतला आमचा मुलगा म्हणाला, "मग हातात घेता येईल असं घर देऊ."

काकांना न सांगता, फोनवर इकडचं तिकडचं बोलत मी मापं काढून घेतली. दर्शनी बाजू चाळीस फूट, खोली पन्नास फूट, भिंती अकरा फूट उंच आणि दोन फूट जाड. पन्नासास एक असं प्रमाण धरलं तर घर सुमारे 24 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर लांब आणि जेमतेम 7 सेंटिमीटर उंच होतं. भिंतीची जाडी 12 मिलिमीटर, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या फळीएवढीच. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही मायलेक कामाला लागलो. एक सामानाचं खोकं घरात पडून होतं, चिडाच्या फळ्यांचं, फुकटचं. ते कापलं. ढेळज, ओसरी, मधला चौक, मागचं न्हाणीघर. ढेळजेच्या दाराशेजारी दिवा ठेवायची दिवळी होती, तीही मुलाने कोरली. जाड पॉलिश पेपरने घासलं आणि पाण्यात मिसळणाऱ्या मातकट पांढऱ्या रंगाचा हात मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर भिंतींवर दाढीचे खुंट उगवलेले. वर आणखी एक हात मारला, खुंट जाड झाले. तिसऱ्या हाताला तर भिंतीवर शेतातल्या सरीसारखे उभे पट्टे उठले. मी मुलाला म्हटलं, "लांबून चांगलं दिसतंय." तो म्हणाला, "आजोबा लांबून कुठे बघणार आहेत? ते हात लावून बघणार."

मंडळी, त्याचं बरोबर होतं. आमच्या आजीने आणि आयांनी त्या भिंती दर वर्षी नवरात्राआधी हाताने सारवल्या होत्या. काकांच्या तळव्याला त्या भिंती पाठ आहेत. आणि मोजमाप बघा: पन्नासास एक प्रमाणात मॉडेलवरची 1 मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या घरातली 5 सेंटिमीटरची भेग. चिडाच्या शिरा ठेवून आम्ही काकांना पडायला आलेलं घर देत होतो.

शिरा वर येतात त्या का?

हे मला आमच्या गल्लीतल्या सुतारमामांनी समजावलं. चिडाच्या फळीवर फिकट आणि गडद पट्टे दिसतात ना, ते झाडाच्या वाढीचे. वाढीच्या हंगामात झाड भराभर वाढतं, ते लाकूड फिकट आणि मऊ. नंतर वाढ मंदावते, ते गडद आणि टणक. बोटाच्या टोकाखाली पॉलिश पेपर धरून घासलं, की मऊ पट्टा जास्त झिजतो, टणक पट्टा कमी. डोळ्यांना दिसत नाही, पण तिथे खड्डे आणि उंचवटे तयार झालेले असतात. वर रंगातलं पाणी पडलं, की लाकडाचे दाबलेले बारीक तंतू फुगून उभे राहतात. तीच ती दाढी. रंग वाळताना आकसतो आणि खालचा उंचसखलपणा जसाच्या तसा अंगावर घेतो. म्हणून रंगाचे हात वाढवून काही होत नाही.

सागवानाची गोष्ट वेगळी. त्यात सुईने टोचल्यासारखी रंध्रं असतात, ती रंगाने बुजत नाहीत, आणि लाकूड मुळातच तेलकट. दारं-खिडक्यांना सागवान राजा, पण बोटभर मॉडेलला आणि रंगकामाला नको. मामांनी शिवणीच्या लाकडाचे तुकडे दिले. शिवण फिकट, हलकी, पोत बऱ्यापैकी एकसारखा, आणि उन्हापावसाने फार वाकडी होत नाही. आंबा चालतो, पण निवडून घ्यावा लागतो.

मुलाने विचारलं, "मग एमडीएफ का नको? त्याला शिराच नसतात." प्रश्न रास्त आहे. एमडीएफची वरची बाजू तयार गुळगुळीत मिळते आणि शाळेच्या घाईच्या कामाला ते चांगलंच. पण कापलेली कड रंग पिते आणि पाणी लागलं की फुगते, त्यामुळे कडांना सगळी मेहनत करावीच लागते. आमच्या घराला चौकाच्या, दारांच्या, खिडक्यांच्या कडाच जास्त होत्या.

चार ठिकाणी एकच गोष्ट

संक्रांतीच्या सुट्टीत आम्ही हंपीला निघालो होतो. वाटेत कोप्पळजवळ किन्नाळला थांबलो. तिथली रंगीत लाकडी खेळणी आणि देवांच्या मूर्ती प्रसिद्ध आहेत. कोप्पळ जिल्हा आपल्याच कल्याण कर्नाटकातला, तरी मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे गेले. मूर्ती हातात घेतली तर लाकडाची आहे हे वजनावरूनच कळावं, अंगावर शिरेचा मागमूस नाही.

त्यांची रीत अशी. हलक्या लाकडाचे भाग कोरून चिंचोक्याच्या खळीने जोडतात. तागाच्या चिंध्या भिजवून, वाळवून, कुटून त्यात लाकडाचा भुसा आणि खळ मिसळतात. या लगद्याला ते किट्टा म्हणतात. सांधे आणि खाचा किट्ट्याने भरतात. वर खळीने सुती कापडाचे तुकडे डकवतात. त्यावर दगडाच्या बारीक पुडीचा लेप, आणि मग कुठे रंग. म्हणजे रंग लाकडावर बसतच नाही, लेपावर बसतो. नांदेडहून पलीकडे निर्मळला जी खेळणी होतात तिथेही चिंचोके आणि भुसा आहेच.

चिंचोक्याची खळ म्हटल्यावर मला गावचे घोंगडीवाले आठवले. ते घोंगडीच्या ताण्याला हीच खळ देत. आमच्या घरात मात्र चिंचा फोडल्या की चिंचोके परसात फेकले जायचे, नाही तर आम्ही चौकात सारीपाटाला घ्यायचो.

परत आल्यावर मुलाच्या सायकलला रंग मारून घ्यायला गॅरेजमध्ये गेले होते. तिथल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या चाचांना माझं रडगाणं सांगितलं. ते हसले. "मॅडम, रंग ऐब छुपाता नै, दिखाता." त्यांनी गाडीचा एक दरवाजा दाखवला. लांबी भरून घासलेला, आणि त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा. आता पाण्याचा पेपर घेऊन सपाट ठोकळ्यावर घासायचं. उंच भागावरचा काळा आधी जातो. जिथे काळा उरला तिथे खड्डा. तिथे परत लांबी. डोळ्यांना जे दिसत नाही ते काळा रंग दाखवून देतो.

हे ऐकताना मला चौबाऱ्याजवळची बिदरीची दुकानं डोळ्यांसमोर आली. बिदरीचं भांडं जस्तात थोडं तांबं घालून ओततात, कानशीने घासून गुळगुळीत करतात, आणि नक्षी कोरायच्या आधी त्यावर मोरचुदाचं पाणी चोळतात. धातू तात्पुरता काळा पडतो, म्हणून कोरलेली रेघ स्पष्ट उजळ दिसते. चांदी बसवून झाली की तो काळेपणा घासून काढतात आणि शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून कायमचा काळा रंग आणतात. हे आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. पण तो पहिला, तात्पुरता काळा रंग फक्त कारागिराच्या डोळ्यांसाठी असतो, हे कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आणखी एक सांगते. इटलीत चेन्नीनो चेन्नीनी नावाचा चित्रकार होता. 1400 सालाच्या आसपास त्याने चित्रकलेच्या कामावर पुस्तक लिहिलं. तिकडे तेव्हा लाकडाच्या फळीवर चित्रं काढत. फळीवर आधी लिननचं कापड डकवायचं, त्यावर सरस आणि पांढऱ्या पुडीचे बरेच लेप द्यायचे, आणि मग पुरचुंडीतून कोळशाची पूड भुरभुरवून लेप खरवडायचा, म्हणजे कुठे कमी-जास्त आहे ते कळतं. किन्नाळचं कापड आणि गॅरेजवाल्या चाचांचा काळा फवारा, दोन्ही त्या पुस्तकात आहेत. यांपैकी कुणी कुणाचं पाहून शिकलं असेल असं मला वाटत नाही. लाकूड सगळीकडे सारखंच वागतं, म्हणून उपायही सारखे निघाले असावेत.

आम्ही केलं ते असं

आता मखरवाल्यांनो, वही काढा.

पहिलं, घासणं. पॉलिश पेपर 120 नंबरपासून सुरू करून 180, मग 240. जाड पेपरचे ओरखडे पुढच्या पेपरने पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. पेपर नेहमी सपाट पट्टीला चिकटवून घ्यायचा, आम्ही मुलाची जुनी स्टीलची फूटपट्टी वापरली. बोटाने घासायचं नाही. घासायचं शिरांच्या दिशेने, आडवं नाही.

दुसरं, दाढी आधीच उगवू द्यायची. ओलसर फडकं लाकडावरून फिरवायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं. तंतू उभे राहतात. सकाळी 240च्या पेपरने अगदी हलक्या हाताने तेवढेच उडवायचे. जोर दिला तर खालचे नवे तंतू मोकळे होतात. हे दोनदा करायचं. पावसाळ्यात एका रात्रीऐवजी दोन रात्री द्या.

तिसरं, लेप. चिंचोके भाजून वरची साल काढायची आणि आतला पांढरा गर मिक्सरमध्ये बारीक दळायचा. थोडे थोडे घ्या, चिंचोका फार टणक असतो. एक वाटी पाण्यात दोन चमचे पूड आधी थंड पाण्यातच कालवायची, मग मंद आचेवर ढवळत शिजवायची. गुठळी झाली तर गाळून घ्या. खळ गार झाली की तिच्यात व्हायटिंग म्हणजे खडूची पूड घालायची, धिरड्याच्या पिठाइतकं घट्ट होईपर्यंत. खळ तीन-चार दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. चिंचोके नसतील तर पांढरा डिंक पाण्याने पातळ करून चालतो, त्याला कमीपणा मानू नका.

हा लेप ब्रशने लावून, जुन्या एटीएम कार्डाने शिरांच्या आडव्या दिशेने दाबत पुसून घ्यायचा, म्हणजे तो खड्ड्यांत बसतो आणि वर साचत नाही. थर पातळच हवा. जाड दिला की वाळताना तडकतो. वाळला की 320च्या पेपरने घासायचा. आम्ही तीन वेळा दिला. फळीच्या कापलेल्या टोकांना दोन वेळा जास्त, कारण तिथे झाडाच्या सगळ्या नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि ती जे द्याल ते पितात.

चौथं, काळी परीक्षा. चुलीतला कोळसा कुटून पूड फडक्यात बांधली आणि भिंतींवर थोपटली. मग पट्टीवरच्या पेपरने घासलं. पहिल्यांदा घासलं तेव्हा जी भिंत मला आरशासारखी वाटत होती तिच्यावर अकरा काळे ठिपके राहिले. मुलाने मोजून दाखवले. ते भरले, परत थोपटलं, परत घासलं. तिसऱ्या वेळी एकही राहिला नाही. नंतर सगळी पूड कोरड्या मऊ ब्रशने झटकून टाकायची, नाही तर रंग मळकट होतो.

पाचवं, बंदोबस्त. लेप पाण्यात विरघळतो, म्हणून रंगाआधी त्यावर चपड्याचा हात हवा. 50 ग्रॅम चपडा लाख 400 मिलिलिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवायची, मधूनमधून हलवायची आणि कापडातून गाळायची. मेण काढलेला चपडा मिळाला तर उत्तम, वर रंग चांगला धरतो. दोन पातळ हात, मध्ये अर्धा-एक तास. वाळल्यावर 400च्या पेपरने नुसतं चाटून घ्यायचं, म्हणजे रंगाला पकड मिळते. स्पिरिट पेट घेतं, म्हणून गॅसजवळ नाही, खिडकी उघडी ठेवून, आणि मोठ्यांपैकी कुणी तरी घरात असताना. दमट दिवशी चपड्यावर पांढुरकी झाक येते, तेव्हा ऊन पडेपर्यंत थांबा. घासताना नाकाला रुमाल नको, मास्क लावा. ही पूड फार बारीक असते.

सहावं, रंग. पातळ करून मऊ, रुंद ब्रशने चार हात. दोन जाड हातांपेक्षा हे बरं. पहिल्या हाताने लाकूड झाकलं जाणार नाही, घाबरू नका. दोन हातांच्या मध्ये पूर्ण वाळू द्यायचं आणि 600चा पाण्याचा पेपर ओला करून हलकेच फिरवायचा. शेवटच्या हातावर पेपर नाही. रंगवायच्या आधी खोलीत पाणी शिंपडून केर बसवायचा आणि पंखा बंद ठेवायचा. लहान बाळाच्या हातात जाणारं खेळणं असेल तर घरातला जुना उरलेला डबा वापरू नका. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त असू नये हा नियम 2017 पासून लागू आहे, त्यामुळे नवा, लेबल बघून घेतलेला डबा घ्या.

एक गंमत खांबांची. मला वाटलं होतं, ओसरीचे खांब तरी सागवानी ठेवू, पॉलिश करू, शिरा दिसू दे, खऱ्या घरातही दिसायच्याच. एक करून बघितला. पाच सेंटिमीटरच्या खांबावर सागवानाच्या शिरा दोरखंडाएवढ्या दिसायला लागल्या. खऱ्या खांबाची शीर पन्नास पटीने लहान केली तर दिसणारच नाही. म्हणून लाकडी खांबही शिवणीचेच केले, लेप देऊन गुळगुळीत केले आणि सागवानी तपकिरी रंगाने रंगवले. लाकूड लाकडासारखं दिसावं म्हणून त्याचं लाकूडपण लपवावं लागलं.

हे सगळं करायला फेब्रुवारी आणि मार्च गेले. रोज तासभर, मुलाचा अभ्यास झाल्यावर. त्यातला रंगाचा वेळ पाच संध्याकाळी, बाकी सगळा रंगाच्या आधीचा.

एक कबुली द्यायची राहिली. पहिल्या घरात मुलाने कोरलेली ढेळजेची ती दिवळी दुसऱ्या घरात आम्ही केली नाही. सहा मिलिमीटर रुंद खड्डा, आत पट्टी जात नाही, पेपर जात नाही, कडा भुरभुरतात. मी म्हटलं, "राहू दे. भिंत इतकी छान झालीय. एवढं काही कळणार नाही."

कलबुर्गीला

बिदर ते कलबुर्गी रेल्वे 2017 साली सुरू झाली, तेव्हापासून आमचं जाणंयेणं सोपं झालंय. घर जुन्या चादरीत गुंडाळून मी मांडीवर घेतलं होतं. हुमनाबाद गेलं, कमलापूर गेलं, मुलगा दर स्टेशनला चादर उचकटून बघत होता.

काकांना खुर्चीवर बसवलं आणि घर मांडीवर ठेवलं. काय आहे ते सांगितलं नाही. त्यांनी आधी दोन्ही हातांनी माप घेतलं. मग अंगठा दर्शनी भिंतीवर टेकवला आणि सावकाश डावीकडून उजवीकडे नेला. दारात थांबले. बोट आत घालून ढेळज ओलांडली, चौकात आले, ओसरीचे खांब मोजले. "सहा," म्हणाले. मग मान वर करून, "आपलं घर हाय की गं हे."

सगळे बोलायला लागले. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. काका मात्र पुन्हा दाराशी गेले होते. अंगठा दाराच्या उजव्या अंगाला मागे-पुढे फिरत होता, त्या गुळगुळीत, अकरा ठिपके भरलेल्या भिंतीवर.

"इथली दिवळी कुठं गेली?"

मी गप्प. मुलाने माझ्याकडे बघितलं.

"आई तिथं चिमणी ठेवायची," काका म्हणाले. "मी रात्री शेतातनं आलो की पहिला हात तिथं जायचा. अंधारात दार कुठं हाय ते तिच्यावरनं कळायचं."

संध्याकाळी चुलतभावाच्या हत्यारांच्या डब्यातून बारीक पटाशी काढून मुलाने दिवळी कोरली. काका मांडीवर घर धरून बसले होते आणि बोटाने जागा दाखवत होते, "अजून जरा वर. हां." रंगाचे टवके उडाले, कड एका बाजूने तुटली. मी म्हटलं, घरी नेऊन लेप देते, रंगवून परत आणते. काकांनी करंगळीचं नख आत घालून बघितलं. आत कच्चं लाकूड होतं, खरखरीत.

"राहू दे," ते म्हणाले. "तिच्यात काजळी धरलेलीच असायची."

घर तिकडेच ठेवून आलो. परतीच्या गाडीत मुलाने मला विचारलं, की काळ्या पुडीने खड्डे दिसतात, पण मुळात असायला हवा होता असा खड्डा कशाने दिसतो? मी त्याला म्हटलं, त्यासाठी घरात राहिलेल्या माणसाला आधी विचारायचं, आणि आपण फक्त मापं विचारली होती.

तेव्हा पुढच्या वर्षीच्या मखराचं काम आषाढातच सुरू करा. लेपाला आणि वाळवायला निदान तीन आठवडे धरा. आणि या वर्षी घरी चिंचा फोडल्या जातील तेव्हा चिंचोके फेकू नका, एका डब्यात भरून मंडळात आणून द्या. शिवणीचे तुकडे देतो असं सुतारमामांनी कबूल केलंय. कोळसा माझ्याकडे आहे.

पुढच्या महिन्यात भेटू. तुमच्या गावच्या घराचं कुणी मॉडेल करणार असेल तर कळवा, आणि त्या घरात कोण कोण राहिलं होतं त्यांना आधी फोन करा.